ओहोळ आटल्यावर काय वाचायचं?

साताऱ्याहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. यजमानांचं एमआयडीसीतलं काम पाच महिन्यांपूर्वी सुटलं, सासरे अंथरुणाला खिळलेले, मुलगी दहावीला. ताई रोज पहाटे पवित्र शास्त्र वाचतात, शिवाय मोबाइलवर ‘आजचं वचन’ येतं ते वेगळंच. त्यात ‘चिंता करू नका’ आलं की धीर यायच्या ऐवजी अपराधी वाटतं. माझा विश्वासच कमी पडतोय का, असं त्या विचारतात. आणि दुसरं, मनन करा, मनन करा असं सगळे सांगतात, पण सकाळच्या घाईत मनन करायचं म्हणजे नेमकं करायचं काय?

ताई, जय ख्रिस्त. एकतीस वर्षं मी सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या लहान-लहान मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, पाळक होतो, आता निवृत्त होऊन सांगलीत राहतो. तुमचा प्रश्न मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारत आलं आहे, आणि पहिली दहाएक वर्षं मी त्याचं उत्तर चुकीचं देत होतो. म्हणून आधी माझी चूक सांगतो, मग बाकीचं.

३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वचनाची चिठ्ठी काढायची पद्धत तुमच्याकडेही असेल. ताटात गुंडाळ्या ठेवायच्या, एकेकानं येऊन उचलायची, ते त्याचं नव्या वर्षाचं वचन. त्या चिठ्ठ्या मी स्वतः करायचो. रंगीत कार्डशीट आणायचं, कात्रीनं पट्ट्या कापायच्या आणि शोधून शोधून गोड वचनं लिहायची. एका वर्षी मंडळीतल्या एका आजींना ९१ व्या स्तोत्राची दहावी ओवी आली. तुझ्यावर अनिष्ट येणार नाही, तुझ्या तंबूजवळ व्याधी येणार नाही, अशा अर्थाची. आजींनी ती आपल्या पवित्र शास्त्राच्या पुठ्ठ्यात जपून ठेवली. जुलैत त्यांचा धाकटा मुलगा काविळीनं गेला. डिसेंबरात मी पुन्हा पट्ट्या कापत बसलो होतो, तर आजी आल्या आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली. म्हणाल्या, “पाळकसाहेब, ही तुमची तुम्हाला. रागावून देत नाही. पण हे काय खरं झालं नाही.”

एरवी मला उत्तर देण्याची फार घाई. त्या दिवशी काही सुचलं नाही, हे बरंच झालं.

रात्री ते स्तोत्र पहिल्या ओवीपासून वाचायला घेतलं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागी उभा करतो आणि म्हणतो, टाक उडी, देवदूत तुला झेलतील, असं लिहिलंय ना? ते लिहिलंय कुठं, तर ह्याच स्तोत्रात, अकराव्या-बाराव्या ओवीत. मी कात्री लावली होती ती त्याच्या बरोब्बर शेजारी. आणि पुढं पंधराव्या ओवीत देव म्हणतो, ‘संकटसमयी मी त्याच्याजवळ राहीन.’ म्हणजे संकट त्या स्तोत्रातच होतं. आजींच्या वाट्याला मी ते येऊ दिलं नव्हतं, एवढंच.

चिठ्ठ्या मी बंद केल्या नाहीत. मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ऐकलं नसतं. आणि चिठ्ठी काढणं हे काही पाप नाही. जर्मनीतल्या हेर्नहुट गावचे मोराव्हियन पंथाचे ख्रिस्ती लोक १७३१ पासून दर वर्षी दिवसागणिक वचनांचं पुस्तक छापत आले आहेत, आणि त्यातली जुन्या करारातली वचनं चिठ्ठ्या टाकूनच ठरतात. पण त्यांची एक गोष्ट मला आवडते: त्या वचनाला जुळणारं नव्या करारातलं दुसरं वचन माणसं बसून, विचार करून निवडतात. वचनाला सोबत देतात. मी माझ्यापुरता उपाय काढला, चिठ्ठीवर नुसता अध्याय आणि ओवी लिहायची, बाकी घरी जाऊन उघडा. तक्रारी आल्या. येऊ देत.

तुमच्या मोबाइलवर येतं ती अशीच कापलेली पट्टी आहे, ताई. मागे सूर्योदयाचं चित्र असतं, खाली कोणाचं तरी नाव असतं. ती पुसून टाका असं मी म्हणत नाही. पण ती आली की अध्याय उघडा आणि वरच्या दहा, खालच्या दहा ओव्या वाचा. निम्मं मनन तिथंच होतं. ‘चिंता करू नका’ हे एकटं आलं की दटावल्यासारखं वाटतं. आजूबाजूचं वाचलं की तोच आवाज वेगळा येतो.

करून दाखवतो. लूकच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय घ्या. ‘चिंता करू नका’ हे तिथं बाविसाव्या ओवीत आहे, पण येशू हे बोलतो ते कशाच्या पाठोपाठ? एका श्रीमंत शेतकऱ्याच्या गोष्टीच्या. त्याला पीक इतकं आलं की तो म्हणाला, कोठारं मोडतो आणि मोठी बांधतो, मग जिवाला म्हणतो, खा, पी, मजा कर. त्या रात्रीच तो गेला. आमच्या सांगलीला ही गोष्ट समजवावी लागत नाही. हरिपूरची हळदीची पेवं तुम्ही ऐकली असतील. जमिनीच्या पोटात खोल खड्डे, तोंड लहान, आत पोत्यांच्या पोती हळद, वर मातीनं बंद. भाव येईपर्यंत वर्ष-दोन वर्षं राहिली तरी कीड लागायची नाही. कृष्णाकाठच्या त्या मातीचा गुणच तसा. आणि त्याच कृष्णेचं पाणी २००५ साली आलं आणि कितीतरी पेवं निकामी करून गेलं. पेव करणारा माणूस मूर्ख नव्हता. येशूही साठवणाऱ्याला मूर्ख म्हणत नाही. जिवाला ‘आता निर्धास्त राहा’ असं पेवाच्या भरवशावर सांगणाऱ्याला म्हणतो. त्यानंतर लगेच कावळे येतात, ज्यांना ‘कणगी नाही व कोठार नाही.’ मत्तयात नुसती आकाशातली पाखरं आहेत, लूकात कावळे. यहुद्यांच्या नियमशास्त्रात कावळा अशुद्ध पक्षी. त्याला देव खायला घालतो म्हणजे पंगतीला कोण कोण बसलंय बघा.

त्याच अध्यायात थोडं वर सहाव्या ओवीत चिमण्या आहेत. दोन दमड्यांना पाच. मत्तयात भाव आहे एका दमडीला दोन. हिशेब करा: दोन दमड्यांना चार यायला हव्यात. पाचवी वर घातलेली आहे, मंडईत भाजी घेतल्यावर बाई दोन मिरच्या वर टाकते तशी. तिची किंमत कोणी लावलीच नाही, आणि ‘त्यांच्यापैकी एकीचाही देवाला विसर पडत नाही’ ह्यात ती धरलेली आहे. घरी बसलेल्या माणसाला आपण वर घातलेली चिमणी झालोय असं वाटत असतं. तुमच्या यजमानांना ही ओवी वाचून दाखवा, पण समजावत बसू नका. पुरुष माणसाला समजावलेलं आवडत नाही, वाचलेलं चालतं.

आणि मत्तयात एक बारीक जागा आहे. चिमणी पडणार नाही असं तिथं म्हटलेलं नाही. पित्याच्या नकळत, त्याच्यावाचून पडणार नाही, एवढंच आहे. ह्या ओवीवर मी वर्षानुवर्षं उपदेश केले आणि चिमणी पडते हे बोललोच नव्हतो. आजींनंतर बोलायला लागलो.

आता तुमचं अपराधीपण. मराठीत आपली मोठी गंमत आहे: चिंतेलाही काळजी म्हणतो आणि जपण्यालाही काळजीच. ‘काळजी करू नकोस, काळजी घे’ असं आई बसस्टँडवर सांगते आणि आपल्याला त्यात काही विचित्र वाटत नाही. नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्येही असंच काहीसं आहे. फिलिप्पैच्या पत्रात प्रेषित पौल चौथ्या अध्यायात म्हणतो, कशाचीही चिंता करू नका. तिथं जे क्रियापद आहे तेच त्यानं दोन अध्याय आधी आपला सहकारी तीमथ्य याच्याविषयी वापरलंय, आणि तिथं ते कौतुकाचं आहे: हा तुमची खरी काळजी करणारा माणूस. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात तर तोच पौल स्वतःबद्दल सांगतो की सगळ्या मंडळ्यांची चिंता रोज माझ्यावर येऊन पडते. शब्द त्याच धातूचा. म्हणजे चिंता करू नका असं लिहिणाऱ्याला ती रोज होत होती. सासऱ्यांच्या औषधाची वेळ तुमच्या डोक्यात असते, मुलीच्या फीची तारीख असते, त्याला अविश्वास म्हणायला मी तयार नाही.

मग टाकायचं काय? १ पेत्र ५:७ मध्ये आहे, ‘त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो.’ ह्या ‘टाका’चं ग्रीक क्रियापद नव्या करारात आणखी एकाच ठिकाणी आलंय: लूक १९ मध्ये, शिष्य आपली वस्त्रं शिंगरावर टाकतात आणि येशूला वर बसवतात तिथं. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं. मी आजवर टाकणं म्हणजे फेकणं समजत होतो, उकिरड्यावर टाकल्यासारखं. वस्त्र शिंगरावर टाकतात तेव्हा ते नाहीसं होत नाही. दिसतं, आपलंच असतं, फक्त अंगावर नसतं. भार दुसऱ्याच्या पाठीवर. प्रार्थना करून उठल्यावर चिंता तिथंच दिसली तर प्रार्थना वाया गेली असं समजू नका.

सकाळच्या घाईत काय करायचं, ते आता सांगतो. माझी रीत साधी आहे. एक लहान उतारा, सात ते पंधरा ओव्या. पहिल्यांदा मोठ्यानं वाचा, कुजबुजत चालेल, पण ओठ हलू देत. डोळे ओळी गाळतात, जीभ गाळत नाही. दुसऱ्यांदा क्रियापदं बघत वाचा: कोण काय करतंय. देव काय करतो, माणूस काय करतो, आणि कोणाला काहीच करता येत नाही. जिथं अडखळाल तिथं थांबा. आवडलं तिथं नाही म्हणत मी, अडखळलं तिथं. मग तारीख घालून वहीत एक ओळ. एकच. दोन लिहायला लागलात की आठवड्यात वही बंद पडते, हे मी माझ्या चार वह्यांवरून सांगतो. आणि मग ती ओळ घेऊन भाकऱ्या थापायला जा. मनन तव्यापाशी होतं, बसून कमीच.

उतारा स्वतः निवडू नका, ह्यावर मी हटून बसतो. कोणत्याही क्रमानं जा, पण ठरलेल्या क्रमानं. कॅथलिक मंडळींची रोजची वाचनं ठरलेली असतात, रविवारची तीन वर्षांच्या फेऱ्यात, इतर दिवसांची दोन वर्षांच्या. आपल्याकडेही मंडळीचं वाचनपत्रक असतं, किंवा एखादं पुस्तक सरळ पहिल्यापासून घ्या. आपण निवडायला लागलो की फिरून फिरून त्याच दहा ओव्यांवर येतो, माझ्या पट्ट्यांसारखं. वर्षात पूर्ण पवित्र शास्त्र वाचायचा संकल्प मात्र आत्ता सोडा. ११८९ अध्याय आहेत, रोजचे तीन-सव्वातीन. फेब्रुवारीत लेवीय हे नियमांचं पुस्तक येतं आणि गाडी रुतते. चुकलेल्या दिवसांची थकबाकी भरत बसू नका. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात मान्ना, म्हणजे रानात देवानं रोज दिलेलं अन्न, दुसऱ्या दिवसाला ठेवला तर किडे पडले. आपण शिळी भाकरी दह्याबरोबर आवडीनं खातो, पण मान्नाला ते चालत नव्हतं. प्रभूच्या प्रार्थनेतही ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ इतकंच आहे, उद्याची त्यात नाही. वाचनाचंही तसंच धरा.

तुमच्या परिस्थितीला मी उतारा देणार असतो तर एकच, १ राजे १७. (आत्ताच निवडू नका म्हणालो, माहीत आहे.) एलिया संदेष्टा अहाब राजाला सांगतो, पाऊस पडणार नाही. देव त्याला करीथ ओहोळापाशी लपवतो. कावळे सकाळ-संध्याकाळ भाकर आणि मांस आणतात, पाणी ओहोळाचं. इथवर आपण मुलांना रविवारच्या शाळेत चित्र काढून शिकवतो. सातवी ओवी चित्रात कधी येत नाही: काही दिवसांनी ओहोळ आटला, कारण देशात पाऊस नव्हता. ज्या देवानं तिथं नेलं त्यानंच दाखवलेला ओहोळ, आणि आटला कशानं, तर एलियानंच सांगितलेल्या अवर्षणानं. त्यानं काही पाप केलं म्हणून आटला असं कुठंही लिहिलेलं नाही.

ओहोळ एका दिवसात आटत नाही. एलिया रोज सकाळी पाणी बघत असणार, काल इथवर होतं, आज त्या दगडाच्या खाली. आम्ही सांगलीकर पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी पाणी चढतं म्हणून बघतो, चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. तुमच्याकडचे माण-खटावचे लोक उतरतं म्हणून बघतात. तुमच्या घरी पाच महिने पासबुक बघत असाल. बघणं सारखंच.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमचं घर बुडलं, आम्ही एका शाळेतल्या छावणीत. माझं पवित्र शास्त्र भिजून उशीएवढं फुगलं होतं. नंतर गच्चीवर पान-पान सुटं करून वाळवलं. लेवीय अजून चिकटलेलंच आहे, मीही फार ओढाताण केली नाही. छावणीत तिसऱ्या दिवशी आटपाडीकडून एक टेम्पो आला. धोतराच्या फडक्यात बांधलेल्या बाजरीच्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी. ज्या गावातून आला तिथं त्या उन्हाळ्यात प्यायचं पाणी टँकरनं येत होतं. टेम्पोवाला पोरगा म्हणाला, “आमच्याकडं पाणी नाही, तुमच्याकडं लई झालंय. भाकरी तेवढी दोन्हीकडं लागती.” करीथ आटल्यावर देव एलियाला पाठवतो कुठं, तर सीदोनातल्या सारफथ गावी, परमुलखात, तेही एका विधवेकडं. तिच्याकडं मूठभर पीठ, कुपीत थोडं तेल, आणि ती शेवटचा स्वयंपाक करायला काटक्या वेचत होती. अशा घरी. आणि तिथंही पिठाचं मडकं भरून वाहिलं असं नाही; रिकामं झालं नाही, एवढंच. रोज हात घातला की एका दिवसाचं निघायचं.

त्या दिवसाची माझ्या वहीतली ओळ आहे: ‘बाजरी. चटणी तिखट. पोराचं नाव विचारायचं राहिलं.’

ह्यावरून एक गोष्ट सांगतो, ती जरा कडू आहे. देवाची काळजी बहुतेक वेळा माणसांच्या हातून येते आणि माणसं चुकतात. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या सहाव्या अध्यायाची सुरुवातच तक्रारीनं होते की रोजच्या वाटणीत काही विधवा राहून जातात. प्रेषितांनी ‘प्रार्थना करतो’ म्हणून त्यांना परत पाठवलं नाही, सात माणसं नेमली. आमच्या एका मंडळीत मी एका कुटुंबासाठी सहा आठवडे दर रविवारी प्रार्थना केली, आणि त्यांच्याकडं गॅसची टाकी संपलीय हे मला माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं. तेव्हा तुम्ही तुमच्या पाळकांना ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ एवढंच सांगू नका. फीची रक्कम सांगा. सासऱ्यांजवळ आठवड्यातून एक दुपार कोणी बसेल का, ते विचारा. लाज वाटेल. विधवांनाही वाटली असेल.

कोणी तुम्हाला ना. वा. टिळकांचं उदाहरण देईल, साताऱ्यातलंच आहे ना. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी तिथं ‘देवाचा दरबार’ मांडला. मोठा माणूस. पण त्यांनी नोकरी सोडली होती. तुमच्या यजमानांची गेली आहे. दोन्ही एका मापानं मोजू नका आणि कोणाला मोजू देऊ नका.

आणि झोप आठवड्यांमागून आठवडे येत नसेल, छातीत धडधड होत असेल, तर डॉक्टरांकडं जा. मिरजेचं मिशन हॉस्पिटल १८९४ मध्ये उभं राहिलं ते प्रार्थना करणाऱ्या माणसांनीच उभं केलं. गोळी घेतल्यानं विश्वास पातळ होत असता तर त्यांनी ते बांधलं नसतं.

आजींचं राहिलं. चिठ्ठी परत दिल्यावर आठवड्यानं मी त्यांच्या घरी गेलो आणि ८८ वं स्तोत्र वाचलं. त्यात शेवटी कुठं उजेड पडत नाही, ते अंधारातच संपतं. आजी म्हणाल्या, “हे पुस्तकातलंच आहे?” म्हटलं, हो. “मग हे आधी का नाही वाचलं?” पुढं त्यांनी ते माझ्याकडून पाच-सहा वेळा वाचून घेतलं. एकदा मधेच थांबवून म्हणाल्या, “हा माणूस कुरकुर करतोय, पण करतोय देवापाशीच की.” पवित्र शास्त्रावर मी ऐकलेल्या चांगल्या टीकांपैकी ही एक, आणि आजींना अक्षरओळख बेताची.

तर उद्या सकाळी १ राजे १७ काढा. पहिल्या ओवीपासून सातव्या ओवीपर्यंत दोनदा वाचा, दुसऱ्यांदा क्रियापदं बघत. पुढची गोष्ट तुम्हाला पाठ आहे, मीही वर सांगून टाकली, तरी उद्या पुढं जाऊ नका. सातवीवर थांबा, वहीत तारीख घाला, एक ओळ लिहा. आठवी ओवी परवा.